अप्पांच्या गाडीचा कारभारी

दत्तराव अप्पा हादरले की खाली बसतात.

म्हणजे अगदी जिथे असतील तिथे. भाजीबाजारात मेथीच्या जुड्यांशेजारी, बँकेच्या पायरीवर, एसटी स्टँडच्या मधोमध. आधी दोन्ही हात टोपीवर जातात, मग गुडघे वाकतात, आणि मांडी नीट जमली की ते वर बघून म्हणतात, "हादरलो ना मी! मुळापासून हादरलो."

हादरायला त्यांना भूकंप लागत नाही. कलिंगडात बी नाही म्हणून ते हादरलेले आहेत. नातवाच्या वयाचा डॉक्टर बघून हादरलेले आहेत. एकदा मी सहज म्हणालो की उजेडाला सूर्यापासून इथं यायला आठ मिनिटं लागतात, तर माझ्या अंगणातच बसले. "मंजी हे ऊन शिळं हाय?" मी म्हणालो, तसं म्हणता येईल. त्यानंतर दोन दिवस ते उन्हाकडे संशयाने बघत होते.

मी जिंतूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. अडीच वर्षांपूर्वी इथं बदलून आलो तेव्हा टेम्पोतून सामान उतरत असताना शेजारच्या फाटकातून पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पांढरी टोपी अशी एक उंच मूर्ती आली.

"काय शिकवता तुमी?"

"फिजिक्स."

"मंजी करंट?"

"करंटही येतो त्यात."

अप्पा माझ्या गादीच्या वळकटीवर बसले. "शेजारी करंटचे सर ऱ्हायला आले, अन् मला कुणी सांगितलं न्हाई!"

त्या दिवसापासून पंखा, विहिरीवरची मोटार, मोबाइल आणि आकाशातली वीज ही सगळी खाती माझ्याकडे आली. चारठाण्याला त्यांची चांगली वीस एकर जमीन आहे, ती भावकीतला एकजण बटईने करतो. अप्पा आणि शांताकाकू जिंतूरला राहतात. अप्पांना दिवसभर हादरायला भरपूर वेळ असतो.

शांताकाकू मात्र कशानेच हादरत नाहीत. न्हाणीत साप निघाला तेव्हा अप्पा अर्धा तास ओट्यावर बसून होते. काकू आत डोकावून म्हणाल्या, "साप हाय. जाईल." आणि कणीक मळायला गेल्या. साप गेलासुद्धा. अप्पांबरोबर बाजारात जाताना त्या पिशवीत पोत्याचा एक तुकडा घडी करून नेतात. अप्पांचे हात टोपीकडे गेले की काकू तो तुकडा खाली अंथरतात. पायजमे त्यांनाच धुवायचे असतात.

अप्पांकडे एक मोठी पांढरी गाडी आहे. जीपपेक्षा मोठी आणि बसपेक्षा छोटी, असं ते सांगतात. सात वर्षांची झाली, पण अजून नवरीसारखी दिसते, कारण अप्पा तिला रोज धुतात. नुसती पुसत नाहीत. रबरी पाइप लावून, टपापासून चाकांपर्यंत, आणि ब्रश मारून. धुणं चालू असताना कुणी बोलायला गेलं तर "जरा थांबा, अंघोळ चालू हाय" असं उत्तर मिळतं.

गेल्या एप्रिलमध्ये ही गाडी बिघडली.

पहिल्यांदा वायपर सुरू झाले. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, डांबर वितळत होतं, आणि अप्पांनी डावीकडे वळायला इंडिकेटर दिला तर दोन्ही वायपर कोरड्या काचेवर करकरत नाचायला लागले. अप्पांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, हात पुढे करून पाऊस आहे का पाहिलं, आणि रस्त्याच्या कडेला बसले. नंतर मला म्हणाले, "सर, गाडीला आधीच कळायलंय का? पाऊस येणार हाय का?"

पाऊस आला नाही. पुढच्या आठवड्यात हॉर्न आला.

चारठाण्याला अप्पांच्या चुलतभावाचा तेरावा होता. मंडपात कीर्तन चालू होतं. महाराजांनी डोळे मिटून "हे शरीर म्हणजे काय आहे?" असा प्रश्न टाकला, आणि बाहेर उभ्या असलेल्या बंद गाडीचा हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. गाडीत कुणी नाही, चावी अप्पांच्या खिशात. शे-दोनशे माणसं माना वळवून बघायला लागली. मयताची बायको दचकून म्हणाली, "आले का काय हे?" तेव्हा मंडपातली निम्मी माणसं उठून उभी राहिली. अप्पा अर्थातच बसले. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने बॅटरीची वायर उपसली तेव्हा हॉर्न थांबला. महाराजांनी पुढचं कीर्तन उरकतं घेतलं.

मग येलदरी. धरण बघायला पाहुण्यांना घेऊन गेले, आणि माशांच्या पाट्या मांडलेल्या असतात तिथं चारही काचा आपोआप खाली उतरल्या. वर येईनात. अप्पा माळकरी. त्यांनी नाकाला उपरणं लावलं आणि गाडी तशीच उघडी ठेवून पाहुण्यांना पाणी दाखवायला गेले. संध्याकाळी जिंतूरला आले, मागचं दार उघडलं, तर सीटखालून एक तांबूस मांजर उतरलं, आळस दिला आणि कॉलनीत चालतं झालं. अप्पा फाटकातच बसले. काकू दारातून म्हणाल्या, "मांजर हाय. ऱ्हाईल." ते राहिलंसुद्धा.

शेवटी एका सकाळी गाडी सुरूच होईना. चावी फिरवली की समोरचे सगळे दिवे लागायचे, लाल, पिवळे, हिरवे, आणि इंजिन मुकं. अप्पांनी कुंपणावरून हाक मारली.

"सर, चला परभणीला. तुमी करंटचे."

मी त्यांना पुन्हा एकदा समजावलं की फिजिक्स शिकवणं वेगळं आणि गाडी दुरुस्त करणं वेगळं. अप्पा म्हणाले, "तुमी नुसते उभे ऱ्हा. तुमच्या समोर तो खोटं बोलनार न्हाई." सुट्ट्या लागल्या होत्या. गेलो. एका टेम्पोने दोर बांधून गाडी टोचन करून नेली, आणि अप्पा सगळा रस्ता आपल्याच गाडीत स्टिअरिंग धरून, ओढल्या जाणाऱ्या जनावराच्या मालकासारखं तोंड करून बसले.

परभणीत जिंतूर रस्त्यालाच मोईनभाईंचं दुकान आहे. पन्नाशीचे, कमी बोलणारे, चष्मा कायम कपाळावर. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता गाड्यांची वायरिंग बघतात. त्यांचा लॅपटॉप फुलाफुलांच्या दुपट्यात गुंडाळलेला असतो आणि ते तो लेकराला उचलावं तसा दोन्ही हातांनी काढतात.

त्यांनी आधी बॅटरी तपासली. मग फ्यूज एकेक काढून बघितले. मग स्टिअरिंगच्या खाली वायर जोडून लॅपटॉप उघडला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसले.

"काय मनायलाय?" अप्पांनी विचारलं.

"गाडीत आठ-दहा डबे असतात अप्पा, छोटे कंप्यूटर. मैं एकेकाला आवाज दिया. सगळे ओ द्यायलेत. एकच गप हाय."

"कोनता?"

"बॉडी कंट्रोल मॉड्यूल."

मोईनभाई डॅशबोर्डखाली आडवे झाले, पट्टी उघडली, आणि वहीएवढा एक काळा डबा बाहेर काढला. वायरी जिथं जोडतात तिथल्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला.

"इसमें पाणी कुठून आलं?"

"पाणी?" अप्पा अभिमानाने म्हणाले. "मी आतून पन धुतो ना. पाइप लावून. कापसाचं, सोयाबीनचं लय फुसकूट बसतंय बघा."

मोईनभाई त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी कॉलेजचा माणूस, मी पाठीमागच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"अप्पा," ते फार हळू म्हणाले, "ये गाडी है. भैंस नै है."

त्यांनी डबा साफ केला, उन्हात वाळवला, पुन्हा लावून पाहिला. एक काच वर गेली आणि तिथंच अडकली. पिना खाल्ल्या गेल्या होत्या. नवा डबा हैदराबादहून मागवावा लागेल, आठ दिवस लागतील, गाडी इथंच राहू द्या, असं ठरलं. निघण्यापूर्वी अप्पांनी विचारलं की हा डबा नेमकं करतो काय. मोईनभाईंनी सांगितलं: दिवे, हॉर्न, वायपर, काचा, दारं, सगळं ह्याच्या हुकमाने चालतं. तुम्ही बटण दाबलं की नुसता निरोप जातो ह्याच्याकडे. पुढचं हा ठरवतो.

अप्पा दुकानाच्या पायरीवर बसले ते आमची जिंतूरची बस चुकेपर्यंत.

पुढचे आठ दिवस मला सकाळचा चहा सुखाने मिळाला नाही. कुंपणावरून टोपी दिसायची.

"सर, बटन दाबतो मी. मंजी मी नुसता अर्ज करतो?"

"हो."

"अन् मंजुरी तो देतो?"

"हो अप्पा."

"सात वर्षं! सात वर्षं मी मालक मनून बसतो पुढं, अन् गाडी चालवायलाय कारभारी!" धप्. मी कुंपणावरून वाकून बघायचो, तर ते कढीपत्त्याच्या बुंध्याशी बसलेले. "तुमच्या काकूला ठाव होतं का हे? तिला काईच नवल वाटंना."

काकू आतून म्हणाल्या, "घर पन तसंच चालतंय."

आठव्या दिवशी मोईनभाईंचा फोन आला, डबा आला, या. आम्ही पहिल्या बसने गेलो. अप्पांनी नव्या डब्यासाठी नारळ घेतला होता. मोईनभाईंनी बॅटरी सोडली, नवा डबा जागेवर बसवला, वायरी खटाखट लावल्या, बॅटरी जोडली आणि दुपट्यातून लॅपटॉप काढला.

"आता हा नवा हाय," ते म्हणाले. "ह्याला काही माहीत न्हाई. गाडीचा नंबर सांगायचा, मग चाब्यांची ओळख करून द्यायची. दोन्ही चाब्या काढा."

अप्पांनी एक चावी टेबलावर ठेवली.

"दुसरी?"

"एकच हाय."

"गाडीबरोबर दोन येतात अप्पा."

अप्पांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "हाय दुसरी. पन इथं न्हाई."

"मग आज एकच टाकतो. पन नीट ऐका. जो चाबी आज टेबल पे नै, वो कल से लोहा. नवा डबा तिला वळखनार न्हाई. दार उघडनार न्हाई, काई न्हाई. पुन्हा कधी आणली तर हे सगळं परत करावं लागेल." त्यांनी बोट बटणावर ठेवलं. "टाकू?"

"थांबा," अप्पा म्हणाले. "जुनाच बसवा."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"जुना मेलाय, अप्पा," मोईनभाई म्हणाले.

"मेला असंल. पन तो वळखत होता." आणि ते दुकानातून बाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या लिंबाखाली पाठ करून उभे राहिले. नारळ टेबलावरच राहिला.

आठ दिवस ज्या डब्याची वाट बघितली तो गाडीत बसलेला, आणि मालक म्हणतो काढा. मी त्यांच्या मागे गेलो. मनात राग होता, नाही असं नाही. सुट्टीचे दिवस माझेही होते.

"अप्पा, झालं काय? कुणाकडे आहे ती चावी?"

ते झाडाच्या सालीवरचा मुंगळा बघत होते.

"माझ्या लेकीकडं."

मी दोनेक वर्षं त्या घरात रोज चहा पीत होतो. त्यांच्या भिंतीवर देवांचे फोटो आहेत, अप्पांच्या वडिलांचा आहे, बक्षीस मिळालेल्या बैलजोडीचा आहे. मुलीचा नाही. त्यांना मूलबाळ नाही असं मी धरूनच चाललो होतो, आणि कॉलनीत कुणी एका शब्दाने मला वेगळं सांगितलं नव्हतं. मला धक्का बसला हे म्हणणं फार सोपं झालं. मी काय तोंड केलं असेल कुणास ठाऊक, पण अप्पाच मला म्हणाले, "बसा सर. इथं सावली हाय."

आम्ही दोघंही बसलो.

"मनीषा नाव. गाडी तिनंच पसंद केलती. चालवायला पन तीच आधी शिकली, मग मला शिकवलं. परभणीला नोकरी करायची, रोज गाडी घेऊन जायची. एक दिवस आली, गाडी लावली, अन् दारातच मनली, अप्पा मी लग्न केलं. पोरगं रेल्वेत होतं. आपल्यातलं नव्हतं. मी मनलो, मंग उंबरा चढू नको. ती न्हाई चढली. खांद्याला पर्स होती, तशीच वळली. दुसऱ्या दिवशी मला आठवलं, दुसरी चावी पर्समधी गेली."

"मग?"

"मंग काय. मनलं, चावी वापस करायला तरी यीन. न्हाई आली. चार महिने गेले, सहा गेले. मंग वाटलं, न्हाई दिली तेच बरं झालं. ठेवली मंजी..." त्यांनी हात हवेत नुसता हलवला. "पाच वर्षं झाली."

रस्त्यावरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली.

"फाटकाला कुलूप असतंय आमच्या. घराला असतंय. त्याच्या चाव्या तिच्याकडं न्हाईत. गाडीची हाय. मनून गाडी मी फाटकाच्या बाहीर लावतो. ती आली, अन् आमी घरी नसलो, तर उन्हात कुठं उभी ऱ्हाईल? गाडीत तरी बसंल. एसी लावंल." ते माझ्याकडे वळले. "आता उद्या आली, अन् तिनं बटन दाबलं, अन् गाडी उघडली न्हाई, तर तिला काय वाटंल, सर? बापानं कुलूप बदललं."

मी विचारलं, "फोन करायचा ना अप्पा."

"काय मनून? पाच वर्षांनी फोन करू, अन् मनू, चावी दे?"

"राहते कुठे?"

"पिंगळीला मनत्यात."

"पिंगळी! इथून अर्ध्या तासावर!"

"ठाव हाय मला किती लांब हाय ते. रेल्वेच्या फाटकापर्यंत चारदा जाऊन आलो. रेल्वे गेली, फाटक उघडलं, की मी वळून वापस."

मी मोईनभाईंची स्कूटर मागितली. त्यांनी कशाला विचारलं नाही, किल्ली दिली आणि लॅपटॉप पुन्हा दुपट्यात गुंडाळला. अप्पांना पत्ता माहीत नव्हता, म्हणून मी शांताकाकूंना फोन लावला.

"काकू, मनीषाताई पिंगळीत कुठे राहतात, काही कल्पना आहे?"

काकू एका दमात म्हणाल्या, "टेशनावरून पुढं या, मारुतीचं देऊळ लागतंय, त्याच्या डाव्या बोळात तिसरं घर, निळं फाटक, वर दोडक्याचा येल. बेल लागत न्हाई, कडी वाजवा."

"तुम्ही गेलाय तिथे?"

"दर महिन्याला जाते."

"आणि अप्पांना?"

"सांगू नका त्यान्ला. खाली बसतील."

निळं फाटक सापडलं. अंगणात बाजेवर पांढरं लुगडं अंथरून कुरडया घालणं चाललं होतं. तिशीतली एक बाई साचा हातात घेऊन वाकली होती. उंची अप्पांची. मी नाव सांगितलं, जिंतूरचा शेजारी म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला.

"आईला काही झालं का?"

"नाही, नाही. सगळे बरे आहेत. मी चावी न्यायला आलोय. गाडीची."

बोलून गेलो आणि तेव्हाच कळलं की कसं बोललो. मनीषाताईंनी साचा खाली ठेवला. हात चिकाने माखले होते, ते पुढे तसेच धरून त्या उभ्या राहिल्या.

"अप्पांनी मागितली?"

"हो. म्हणजे..."

"बरं," त्या म्हणाल्या. "एवढंच राहिलं होतं."

त्या नळाकडे गेल्या, हात फार वेळ धुतले, पदराला पुसले आणि आत गेल्या. मी फाटकात उभा. शिकवणं हा माझा धंदा, पण त्या पाच मिनिटांत एक वाक्य मला नीट जुळवता आलं नाही. त्या चावी घेऊन आल्या, माझ्या हातावर ठेवली आणि वळल्या, तेव्हा मी वर्गात ओरडतो तसा ओरडलो.

"ताई, चावी काढून घ्यायची नाहीये! चालू ठेवायचीये!"

मग सगळं उलटसुलट सांगितलं. डबा, पाइप, हिरव्या पिना, नवा डबा जुन्या चाव्या ओळखत नाही, आणि अप्पा लिंबाखाली बसलेत, म्हणतात ही चावी बंद पडणार असेल तर मला दुरुस्तीच नको.

मनीषाताईंनी दाराची चौकट धरली.

"अप्पा असं म्हणाले?"

"म्हणाले. गाडी फाटकाबाहेर लावतात. तुम्ही आलात आणि घर बंद असलं तर उन्हात उभं राहायला नको म्हणून."

कुरडयांवर कावळा उतरला, तो त्यांनी हाकलला नाही. मग माझ्या हातातली चावी परत घेतली, मागचं झाकण नखाने उघडून आत बघितलं, बंद केलं आणि पुन्हा दिली.

"सेल ठीक आहे. दोनदा बदललाय मी." "काम झालं की परत आणून द्याल ना?"

परतताना स्कूटर मी फार सावकाश चालवली. सात वर्षांची गाडी, तिच्यापासून पाच वर्षं लांब असलेली चावी, आणि तिच्यात दोनदा नवा सेल. उघडायला समोर काही नसताना.

अप्पांना मी फक्त चावी दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली. कडीला लाल दोरा बांधलेला होता, त्यावरून अंगठा फिरवला आणि टेबलावर आपल्या चावीशेजारी ठेवली. मोईनभाईंनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली, आणि अप्पा तिच्यासमोर आरतीला उभं राहावं तसे हात जोडून उभे. पहिली चावी झाली. दुसरीला वेळ लागला. पट्टी मध्येच थांबली. मग पुढे सरकली.

"वळखलं," मोईनभाई म्हणाले.

गाडी एका फिरवणीत सुरू झाली. वायपर गप्प, हॉर्न गप्प, काचा सांगितल्यावर वर, सांगितल्यावर खाली. नारळ फुटला, मोईनभाईंनी खोबरं वाटलं आणि अप्पांना हात जोडून सांगितलं की आतून धुवायचं असेल तर मेहेरबानी करून तुम्ही स्वतःला धुवून घ्या, गाडीला नका. अप्पा हो म्हणाले.

मला वाटलं आता जिंतूर. अप्पांनी गाडी उलट्या दिशेला वळवली.

"ट्रायल घ्यावी लागंल ना, सर. हा रस्ता चांगला हाय."

मी बरं म्हणालो. रेल्वेचं फाटक उघडंच होतं. अप्पांनी तरी गाडी थांबवली, दोन्ही बाजूंना पाहिलं, कुणीतरी येऊन फाटक लावेल म्हणून वाट बघावी तसे थांबले. मागच्या टेम्पोने हॉर्न मारला तेव्हा रूळ ओलांडले. मारुतीच्या देवळाशी मी डावीकडे हात केला. निळ्या फाटकापासून वीस पावलांवर त्यांनी गाडी उभी केली.

"तुमी देऊन या. चावी द्या, अन् मना, काम झालंय. बाकी काई बोलू नका."

"तुम्ही येत नाही?"

"मी बसतो. एसी बघायचाय."

मी उतरलो. मागे वळून पाहिलं तर अप्पांनी इंजिन बंद केलं होतं, काचा वर घेतल्या होत्या आणि आतून सगळी दारं लॉक केली होती. त्या उन्हात, बंद गाडीत, स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते.

मी कडी वाजवली. मनीषाताई बाहेर आल्या. मी चावी त्यांच्या हातात दिली आणि सांगितल्याप्रमाणे म्हणालो, "काम झालंय." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून बोळाच्या तोंडाकडे बघत होत्या. पांढरी टोपी काचेतून स्पष्ट दिसत होती.

बराच वेळ त्या उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या. मग हात वर केला, चावी गाडीच्या दिशेने धरली आणि बटण दाबलं.

कुठेतरी टुक् असं वाजलं. बोळाच्या तोंडाशी पिवळे दिवे दोनदा मिचकले.

गाडीत अप्पा दचकले. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग आमच्याकडे. त्यांचे ओठ हलले. काचा बंद होत्या, त्यामुळे ऐकू काही आलं नाही. मनीषाताई पायरी उतरून गाडीकडे चालू लागल्या, पायांत चप्पल नव्हती, आणि मी तिथंच, त्यांच्या कुरडयांवरचा कावळा हाकलत उभा राहिलो.